स्प्रे कॅनचा रंग उन्हापावसात किती तग धरतो

भित्तिचित्रांच्या कामात उतरलात की काम देणारा माणूस पहिल्याच बैठकीत विचारतो, ‘किती वर्षं टिकेल?’ नवखी मंडळी याचं उत्तर ब्रँडमध्ये शोधतात. अमक्या कंपनीचा माल पक्का, तमक्याचा कच्चा, असं सरळ गणित मांडून मोकळी होतात. माझा अनुभव तसा नाही. एकाच कंपनीच्या, एकाच मालिकेतल्या दोन शेड शेजारीशेजारी मारा. एक वर्षानुवर्षं जशीच्या तशी राहते आणि दुसरी थोड्याच उन्हाळ्यांत ओळखू येईनाशी होते. म्हणून हा प्रश्न कंपनीला नव्हे, शेडला विचारायचा.

कॅनमध्ये मुळात चार गोष्टी असतात: रंग देणारं पिगमेंट, त्याला भिंतीशी धरून ठेवणारा बाइंडर, द्रावक आणि हे सगळं बाहेर ढकलणारा वायू. शेवटच्या दोन उडून जातात. भिंतीवर उरतात पिगमेंट आणि बाइंडर, आणि ऊन या दोघांना वेगवेगळ्या तऱ्हेने मारतं. या क्षेत्रात टिकायचं असेल तर हा फरक भिंतीकडे बघून ओळखता यायला हवा.

आधी पिगमेंट. गेरूच्या कुळातले, म्हणजे लोह ऑक्साइडचे लाल, पिवळे आणि तपकिरी रंग उन्हाला जुमानत नाहीत. कार्बनचा काळा आणि टायटॅनियमचा पांढराही तसेच. सेंद्रिय रंगांमध्ये थॅलो निळा आणि थॅलो हिरवा हे खंबीर गडी. गोची होते ती झगझगीत पिवळा, भडक लाल, गुलाबी आणि जांभळा या टापूत. इथे स्वस्त पिगमेंटही असतात आणि महागडी टिकाऊही, आणि कॅनच्या टोपणाकडे बघून त्यातलं काही कळत नाही. क्विनॅक्रिडोन गटातले गुलाबी-जांभळे उन्हात चांगले राहतात. त्यांच्यासारखेच दिसणारे दुसरे लवकर मान टाकतात. चित्रकारांच्या ट्यूबवर पिगमेंटचा कोड छापलेला असतो, स्प्रे कॅनवर तो क्वचितच सापडतो. कंपनीचं तांत्रिक माहितीपत्रक मागून घ्या. त्यात निदान बाइंडर कोणता ते कळतं. काही शेडकार्डांवर प्रकाशात टिकण्याची खूण असते, तीही बघा. पण ती खूण फक्त प्रकाशाबद्दल बोलते. पाऊस, ओल आणि भिंत यांच्याबद्दल ती काही सांगत नाही.

फिक्या शेड आणखी नाजूक. गडद लाल आणि त्यातच पांढरा घालून केलेला फिका गुलाबी यांत आधी गुलाबी जातो, कारण त्यात मुळात पिगमेंट कमी आणि त्यातलं थोडं जरी मेलं तरी पांढरा वर येतो. मिश्र शेडचा खेळ तर वेगळाच. निळ्यात कच्चा पिवळा मिसळून केलेला पोपटी फिका पडत नाही, तो निळसर होत जातो. पिवळा निघून गेलेला असतो आणि निळा जागेवर असतो. चित्रात पानं निळी दिसू लागली की समजायचं काय झालं ते.

फ्लोरोसंट रंगांबद्दल माझं मत ठाम आहे: कायमस्वरूपी बाहेरच्या कामात ते वापरूच नयेत. ज्या गुणामुळे ते चमकतात, म्हणजे अतिनील आणि निळा प्रकाश शोषून उजळ रंग बाहेर टाकणं, तेच करता करता त्यांचे रेणू मोडतात. उघड्या उन्हात त्यांची चमक काही आठवड्यांत ते काही महिन्यांत ओसरते. चार दिवसांच्या कार्यक्रमासाठी खुशाल मारा. क्रोमचं, म्हणजे आरशासारख्या चंदेरी रंगाचं, दुखणं निराळं. त्यात ॲल्युमिनियमच्या बारीक चकत्या पृष्ठभागावर तरंगून बसलेल्या असतात, म्हणून तो तसा चमकतो आणि म्हणूनच हात घासला की निघतो. त्यावर वार्निश मारलंत तर चमक जाऊन करडा पडतो.

आता बाइंडर. ॲक्रिलिक उन्हात सगळ्यांत बरं. नायट्रो-सेल्युलोज झटकन वाळतं, पण उन्हात पिवळं आणि ठिसूळ होतं. अल्किड, म्हणजे तेलापासून बनवलेलं रेझिन, चांगलं झाकतं आणि घट्ट बसतं, मात्र बाहेर त्याची तकाकी लवकर जाते. बाइंडर वरून झिजला की पिगमेंट भुकटीसारखं उघडं पडतं आणि भिंतीवरून हात फिरवला की हाताला लागतं. लांबून बघणारा म्हणतो, ‘रंग उडाला.’ खरंच उडाला का, हे बघायला ओलं फडकं पुरतं. भिंतीचा हातभर तुकडा ओला करा. रंग क्षणात पूर्वीसारखा गडद झाला, तर पिगमेंट जिवंत आहे, वरचा थर तेवढा भुकटला आहे. हलक्या हाताने धुऊन वर पारदर्शक कोट देऊन काम वाचू शकतं. ओला करूनही फिकाच राहिला, तर तो रंग गेला. तिथे नव्याने मारण्यावाचून गत्यंतर नाही.

हे सगळं खरं असलं तरी चित्रं बहुतेक वेळा उन्हाने मरत नाहीत, भिंतीने मरतात. नवा सिमेंटचा गिलावा भयंकर अल्कधर्मी असतो, पीएच १२-१३ पर्यंत. त्यावर थेट अल्किड रंग मारला की त्याचा अक्षरशः साबण होतो आणि थर चिकट होऊन सुटतो. नव्या गिलाव्याला निदान २८ दिवस द्या आणि अल्कलीला दाद न देणारा प्रायमर लावा. जुन्या भिंतीत ओल असेल तर आतलं पाणी क्षार घेऊन बाहेर येतं, लोणा फुटतो आणि कितीही भारी रंग असला तरी पोपडे निघतात. ओल तपासायला प्लॅस्टिकचा कागद चारही कडांनी टेपने बंद करून रात्रभर भिंतीवर ठेवा. सकाळी आतून थेंब जमले असतील किंवा भिंत काळवंडली असेल, तर काम पुढे ढकला. मालकाला घाई असते, पण तीन महिन्यांनी पापुद्रे सुटले की फोन आपल्यालाच येतो.

मारण्याच्या पद्धतीवर थोडक्यात. एका जाड हातापेक्षा दोन-तीन पातळ हात बरे. दुसऱ्या हाताची वेळ कॅनवर लिहिलेली असते, ती पाळा. अर्धवट सुकलेल्या थरावर घाईने मारलं की द्रावक खालचा थर उचलतं आणि सुरकुत्या पडतात. तापलेल्या भिंतीवर फवारा पोचेपर्यंतच सुकतो आणि खरखरीत, सच्छिद्र थर बसतो. भिंतीचं तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे हवेतली वाफ ज्या तापमानाला पाणी होऊन जमते त्यापेक्षा, किमान ३ अंश सेल्सियसने जास्त हवं. कॅनमधली गोळी वाजू लागल्यापासून दोन मिनिटं तो हलवा, कारण तळाशी बसलेलं पिगमेंट वर आलं नाही तर आपण बाइंडरच मारत बसतो. आणि सेंद्रिय वाफा अडवणारा मास्क लावा, नुसतं कापड नको.

वार्निशवर लोकांचा भलताच विश्वास असतो. अतिनील किरण शोषणारं वार्निश मदत करतं, पण शोषक हळूहळू खर्ची पडतात. कच्च्या गुलाबीला ते अमर करत नाही, थोडी मुदतवाढ देतं. टू-के पॉलियुरेथेन, म्हणजे हार्डनर मिसळून लावायचं दोन घटकांचं वार्निश, फार टणक, पण त्या हार्डनरमध्ये श्वासाला घातक आयसोसायनेट असतं, त्यामुळे योग्य श्वसन-संरक्षण नसताना त्याच्या वाटेला जाऊ नका. शिवाय श्वास न घेणारा थर ओल्या भिंतीवर बसवला की आतली वाफ अडकून फुगे येतात. वार्निश शेवटी येतं, खरा निर्णय शेड निवडतानाच होऊन गेलेला असतो.

तो निर्णय नीट घ्यायचा तर स्वतःची चाचणी-फळी बनवा. प्रायमर मारलेल्या फळीवर नेहमी वापरता त्या शेडचे पट्टे ओढा. प्रत्येक शेडचे दोन पट्टे: एक गडद, दुसरा पांढरा मिसळून फिका. मागे शेडचा क्रमांक आणि तारीख लिहा. फळीचा अर्धा भाग ॲल्युमिनियम फॉइलने घट्ट झाका आणि ती ४५ अंशांत, दिवसभर ऊन मिळेल अशी ठेवा. उत्तर गोलार्धात तोंड दक्षिणेकडे. रंगकंपन्याही बाहेरच्या चाचण्या याच धर्तीवर फ्लोरिडाच्या दमट आणि ॲरिझोनाच्या कोरड्या उन्हात करतात. काही महिन्यांनी फॉइल उचललंत की झाकल्या-उघड्या भागाच्या सीमेवर रेघ दिसते. जिथे रेघ शोधावी लागते ती शेड बाहेरच्या कामाला चालेल. जिथे ती लांबूनच दिसते, ती घरातल्या भिंतीसाठी ठेवा.

अशी फळी हाताशी असली की चित्राची आखणीही बदलते. चेहऱ्याचा आकार, अक्षरांची कड, सगळ्यांत महत्त्वाची छायारेषा पक्क्या शेडमध्ये येते आणि कच्च्या शेड अशा जागी जातात, जिथे त्या गेल्या तरी चित्र उभं राहतं.

कामाच्या करारात देखभालीची ओळ टाकायला लाजू नका. बर्लिनच्या भिंतीच्या उरलेल्या १.३ किलोमीटरच्या तुकड्यावरची ईस्ट साइड गॅलरी ही भित्तिचित्रांची रांग १९९०मध्ये रंगवली गेली आणि २००९मध्ये हवामानाने आणि पर्यटकांच्या रेघोट्यांनी खराब झालेली बहुतेक चित्रं मूळ कलाकारांना बोलावून पुन्हा रंगवून घ्यावी लागली. काहींनी ते करायला नकारही दिला. तिथले रंग सगळे स्प्रेचे नव्हते, पण देखभालीचा मुद्दा तोच. कोणत्या शेड आधी फिक्या पडतील, कधी पाहणी होईल आणि पुन्हा हात मारायचा खर्च कोणाचा, हे आधीच लिहून घ्या. काम संपल्यावर करड्या कार्डासह (फोटोतले रंग खरे ठेवायला शेजारी धरायचं कार्ड), ढगाळ उजेडात फोटो काढा आणि वापरलेल्या प्रत्येक शेडचा क्रमांक व कॅनचा बॅच क्रमांक त्याच फाइलमध्ये ठेवा. पुढे त्याच क्रमांकाचा नवा कॅन आणलात तरी आधी कोपऱ्यात मारून बघा, कारण क्रमांक तोच राहून आतला माल बदललेला असू शकतो.