गाडी मऊ घ्यावी की कडक?

मराठवाड्यातल्या काळ्या मातीवरचा रस्ता पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आकसतो. म्हणून नवं डांबरही लाटांसारखं होतं. शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर दहा मिनिटं फिरवून गाडीचं सस्पेन्शन, म्हणजे दणके झेलणारी स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बरची जोडी, मऊ आहे की कडक ते कळत नाही.

आधी टायरची हवा मोजा, टायर थंड असताना. हवा किती हवी तो आकडा चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर असतो. हवा जास्त भरलेली असेल तर चांगली गाडीही दणके देते.

मग घरच्या दोघा-तिघांना मागं बसवा, कारण दणका खरा मागच्या सीटवर कळतो. खराब रस्त्यावर ताशी ३०-४० ने चालवा. गतिरोधकानंतर गाडी एकदा वर येऊन स्थिरावली तर ठीक; दोन-तीनदा हेलकावली तर शॉकॲब्सॉर्बर मऊ आहेत. अशी गाडी ताशी ३० ला गादीसारखी वाटते, पण समृद्धी महामार्गाच्या वेगात किंवा कन्नडच्या घाटात तरंगते, आणि मागं बसलेल्यांना मळमळतं. वळणावर स्टिअरिंग मधेच दुरुस्त करावं लागतंय का, तेही बघा.

टायरवर लिहिलेला मापाचा आकडा वाचा. १९५/६५ आर १५ ची भिंत, म्हणजे रिमपासून रस्त्यापर्यंतची रबराची उंची, सुमारे १२७ मिमी, २०५/५५ आर १६ ची ११३. बाहेरचा व्यास जवळपास सारखाच, पण खड्ड्यात रिम वाकण्याची भीती दुसऱ्याला जास्त. मोठ्या अलॉय चाकांसाठी वरचं मॉडेल घेणं इथं तरी पटत नाही.

रोज गाव-तालुका असेल तर उंच भिंतीचा टायर आणि किंचित कडक सस्पेन्शन घ्या. स्प्रिंग कापून गाडी खाली बसवू नका. भरलेली गाडी बंप स्टॉपवर, म्हणजे सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर, आदळते.