बार्टच्या बोर्डासाठी उभं राहायचंय? आधी हिशेब वाचा

"तू सीपीए आहेस, बार्टमध्ये एवढा पैसा जातो कुठं ते बघ ना," हे वाक्य मी सॅन फ्रान्सिस्को बे एरियातल्या प्रत्येक मराठी पंगतीत एकदा तरी ऐकते. सीपीए म्हणजे इथला सनदी लेखापाल, आणि बार्ट म्हणजे या भागातली लोकल रेल्वे. बघायला माझी ना नाही. पण बार्टच्या पैशावर सही करायचा अधिकार ज्या नऊ संचालकांना आहे, ते लोकांनी निवडून दिलेले असतात. तिथं जाऊन बसायचं असेल तर उभं राहावं लागतं. मी स्वतः उभी राहिलेले नाही. ईस्ट बेमधल्या एका उमेदवाराची मी खजिनदार होते, तेव्हा पुढचं सगळं खजिनदाराच्या खुर्चीतून दिसलेलं आहे. "खर्चाचा हिशेब मागणार" एवढ्या एकाच मुद्द्यावर लढू पाहणाऱ्यासाठी लिहितेय.

आधी पत्ता तपासा. बार्टचा जिल्हा अलमेडा, कॉन्ट्रा कोस्टा आणि सॅन फ्रान्सिस्को या तीन काउंट्यांचा आहे. त्याचे नऊ विभाग, प्रत्येकातून एक संचालक. सनीवेल, क्युपर्टिनो, मिल्पिटासमध्ये राहत असाल तर विषय संपला, कारण सांता क्लारा काउंटी त्यात नाही. बेरियेसाला २०२० पासून बार्टची गाडी जाते खरी, पण ते स्टेशन व्हीटीएचं, म्हणजे सांता क्लारा काउंटीच्या वाहतूक संस्थेचं, आणि व्हीटीएचं बोर्ड थेट निवडून येत नाही. नगरपरिषदा आणि काउंटीतले लोकप्रतिनिधी तिथं नेमले जातात. बार्टसाठी तुम्ही अमेरिकेचे नागरिक हवेत, ज्या विभागातून लढायचं तिथं राहणारे हवेत आणि तिथले नोंदलेले मतदार हवेत. मुदत चार वर्षांची, निवडणूक पक्षविरहित. २०२४ मध्ये विषम क्रमांकाचे विभाग झाले (विभाग ३ मधून बर्नाली घोष निवडून आल्या, म्हणजे आपल्यासारख्या नावांना मतं मिळत नाहीत ही तक्रार बाजूला ठेवा). नोव्हेंबर २०२६ ला २, ४, ६ आणि ८ येतात. फ्रीमाँट सहामध्ये आहे. अर्ज १३ जुलै ते ७ ऑगस्ट या काळात भरायचे. विद्यमान संचालकानं अर्ज भरला नाही तर इतरांसाठी मुदत १२ ऑगस्टपर्यंत वाढते.

जुलै लांब आहे असं वाटतं, पण खरं काम त्याआधीचं आहे. बार्टचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि बजेट जूनमध्ये मंजूर होतं. ते बजेट पूर्ण वाचल्याशिवाय माइकसमोर जाऊ नका. वाचताना दोन खाती डोक्यात कायम वेगळी ठेवा. एक रोजच्या चालवण्याचं: पगार, वीज, पोलीस, झाडू. दुसरं बांधकामाचं आणि खरेदीचं: रूळ, बोगदे, डबे. दुसऱ्या खात्यातला पैसा बहुतेक वेळा एखाद्या कामाला बांधलेला असतो आणि पहिल्यात ओतता येत नाही. २०१६ मध्ये मतदारांनी 'मेझर आरआर' हा मतपत्रिकेवरचा प्रस्ताव मंजूर केला, साडेतीन अब्ज डॉलरचे रोखे. ते दुरुस्तीसाठी आहेत. त्यातून ड्रायव्हरचा पगार देता येत नाही.

हे इतकं ठासून सांगतेय कारण दारोदारी पहिला प्रश्न हाच येतो. एका घरी निवृत्त इंजिनिअर काका दार अर्धवट उघडून उभे होते. पत्रक हातात घेतलं नाही, सरळ विचारलं, "साडेतीन अब्ज दिले ना आम्ही? मग आता परत तोट्याचं रडगाणं कसलं?" आमची उमेदवार म्हणाली, "काका, ते रुळाला आणि वीजपुरवठ्याला लागलेत, आणि ते वेळेत आणि ठरल्या किमतीत झालं का हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. तोटा दुसऱ्या खिशातला आहे. तो तिकिटाचा." काकांनी दार पूर्ण उघडलं. मग अर्धा तास हलू देईनात, हाही प्रचारातला एक धोका.

तिकिटाचं असं आहे: कोविडच्या आधी बार्टच्या चालू खर्चाचा दोन-तृतीयांशाहून जास्त भाग प्रवाशांकडून निघायचा. अमेरिकेत असं फार कमी ठिकाणी होतं. ऑफिसं घरी गेली आणि हा वाटा पाव हिश्श्याच्या आसपास आला. मधली वर्षं केंद्राच्या आणि राज्याच्या मदतीवर निघाली. ती मदत संपली की वर्षाला ३५ ते ४० कोटी डॉलरची तूट दिसते. म्हणूनच २०२५ मध्ये एसबी ६३ हा कायदा झाला, ज्यानं पाच काउंट्यांत विक्रीकर वाढवण्याचा प्रस्ताव नोव्हेंबर २०२६ च्या मतपत्रिकेवर आणायला परवानगी दिली: बहुतेक ठिकाणी अर्धा टक्का, सॅन फ्रान्सिस्कोत एक. हिशेबाच्या मुद्द्यावर लढणाऱ्याला या कराबद्दल हो की नाही ते सांगावंच लागेल. "अभ्यास करतोय" म्हणालात तर लोक समजून जातात. हो म्हणालात तर कोणत्या अटीवर, आणि नाही म्हणालात तर कोणती सेवा बंद करणार, हे पुढच्याच वाक्यात यायला हवं.

आकड्यांच्या मोहात पडायच्या जागा ठरलेल्या आहेत. बेघरांपर्यंत पोचण्यासाठी दिलेल्या साडेतीन लाख डॉलरच्या एका कामात एकाच माणसाचं नाव मदतीसाठी नोंदलं गेलं, असं बार्टच्या महानिरीक्षकांच्या, म्हणजे कारभाराची स्वतंत्र तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या, अहवालातून बाहेर आलं. मथळ्यासाठी याहून चांगला माल नाही. पण ज्या संस्थेचं चालू बजेट अब्जाच्या वर आहे तिथं हा ०.०३ टक्के होतो. हे उदाहरण द्या, जरूर द्या, पण त्यातून तूट भरेल असं सुचवू नका. सभेत एखादी शिक्षिका उठून भागाकार करून दाखवते. बार्टची लाइन पुढे नेणाऱ्या सॅन होजेच्या बोगद्याचंही तसंच. त्याचा अंदाज १२ अब्ज डॉलरच्या पुढे गेलाय हे खरं, पण तो प्रकल्प व्हीटीए बांधतंय. आणि जे नीट झालं ते नीट झालं म्हणा. नव्या डब्यांची खरेदी ठरल्या रकमेपेक्षा सुमारे ३९ कोटी डॉलर कमी खर्चात झाली. तिकीट लावून उघडणारी नवी उंच फाटकं ९ कोटी डॉलरमध्ये सगळ्या स्टेशनांवर २०२५ मध्ये बसली. माझे वडील एस.टी.च्या डेपोत हिशेबाला होते. कंडक्टरच्या वेबिलाशी रोकड जुळली की ते "जुळलं" असंही तोंडानं म्हणायचे. ती सवय मला प्रचारात फार उपयोगी पडली.

आता बोर्डाच्या सभेला जा. महिन्यातून दोन गुरुवारी सकाळी ९ वाजता, ओकलंडला २१५० वेब्स्टर स्ट्रीटवर. घरून ऑनलाइनही बघता येतं, पण एकदा तरी खोलीत बसा. ब्राउन अ‍ॅक्ट, म्हणजे खुल्या सभांचा राज्याचा कायदा, त्याप्रमाणे नियमित सभेचा अजेंडा ७२ तास आधी लावावा लागतो, म्हणजे सोमवारी तो तुमच्या हातात असतो. सगळे लोक चर्चेचे मोठे विषय वाचतात. तुम्ही आधी 'कन्सेंट कॅलेंडर' उघडा. तिथं दहा-बारा विषय एकाच मतानं, चर्चेशिवाय मंजूर होतात. प्रत्येकामागे कर्मचाऱ्यांनी लिहिलेलं टिपण असतं, ठरलेल्या शीर्षकांचं: पार्श्वभूमी, चर्चा, आर्थिक परिणाम, पर्याय, शिफारस. 'आर्थिक परिणाम' खाली कोणत्या निधीतून किती, याचा तक्ता असतो. मूळ कंत्राट किती होतं, आधी किती वेळा वाढवलं, आज किती वाढवतायत हे जुळवून बघा. आणि 'पर्याय' ही जागा तर मला सगळ्यात बोलकी वाटते. तिथं बरेचदा एवढंच असतं की मंजूर केलं नाही तर काम थांबेल. याला पर्याय म्हणत नाहीत. जाहीर बोलायला मिळणाऱ्या दोन-तीन मिनिटांत तेवढंच विचारा: दुसरा कोणता मार्ग तपासला आणि तो का सोडला? टिपणात नाही ते सार्वजनिक नोंदींच्या कायद्याखाली लेखी मागा. नोंदी देणार की नाही हे त्यांना १० दिवसांत कळवावं लागतं.

संचालकाच्या हातात नक्की काय असतं हेही सभेत बसल्यावरच कळतं. बजेट, भाडं, मोठी कंत्राटं, कामगार करार आणि जनरल मॅनेजरची नेमणूक. स्टेशनवरच्या एका माणसाला तुम्ही फोन करून काम सांगू शकत नाही. नऊपैकी पाच मतं लागतात. डेबोरा अ‍ॅलन २०१६ ते २०२४ अशा दोन मुदती बोर्डावर होत्या, खर्चाच्या प्रश्नांवर बरेचदा अल्पमतात. विरोधी मत नोंदवण्याला किंमत आहेच, पण तुम्हाला काही मंजूर करून घ्यायचं असेल तर उरलेली चार माणसं कोण, याचा विचार उमेदवार असतानाच करा.

सगळ्यात ठोस मागणी हवी असेल तर ती महानिरीक्षकांच्या कार्यालयाबद्दलची करा. २०१८ मध्ये पुलांचा टोल वाढवणारं 'रीजनल मेझर ३' मंजूर झालं, त्यासोबत हे कार्यालय आलं. बोर्ड तीन नावं सुचवतं, नेमणूक गव्हर्नर करतात. २०२२ मध्ये अलमेडा काउंटीच्या सिव्हिल ग्रँड ज्युरीनं, म्हणजे स्थानिक कारभार तपासणाऱ्या नागरिकांच्या समितीनं, लिहिलं की बोर्ड आणि व्यवस्थापन या कार्यालयाच्या कामात अडथळे आणतात. पहिल्या महानिरीक्षक हॅरिएट रिचर्डसन पुढच्या वर्षी राजीनामा देऊन गेल्या. तो अहवाल लहान आहे, एका बैठकीत वाचून होतो. मग विचारा: कार्यालयाला माणसं किती, कागद मागितल्यावर किती दिवसांत मिळतात, जुन्या शिफारशींपैकी किती अमलात आल्या. "भ्रष्टाचार संपवू" यापेक्षा हे तीन प्रश्न विरोधकाला जास्त जड जातात.

ओव्हरटाइमबद्दल सांभाळून बोला. २०१५ मध्ये एका सफाई कर्मचाऱ्याला ओव्हरटाइम आणि इतर लाभ धरून २ लाख ७० हजार डॉलरच्या घरात मिळाले, ते प्रकरण आजही लोकांच्या तोंडी आहे. त्या माणसावर बोट ठेवणं सोपं. रिकाम्या जागा किती, जादा पाळी कुणाला द्यायची याचा करारातला नियम काय, आणि त्यावर सही कोण करतं, हे विचारा; करार बोर्डाच्याच मतानं होतो. बार्ट कर्मचाऱ्यांच्या २०१३ च्या संपात, १९ ऑक्टोबरला, वॉलनट क्रीकजवळ रुळाची पाहणी करणारे दोघे गाडीखाली गेले. जुने कर्मचारी ते विसरलेले नाहीत. युनियनचा पाठिंबा तुम्हाला बहुधा मिळणार नाही, पण त्यांच्या मुलाखतीला जा आणि जे बाहेर बोलता तेच आत बोला.

आता माझं खातं. हिशेब मागणाऱ्याचा स्वतःचा हिशेब चुकला की विरोधकाला पत्रक छापायचीसुद्धा गरज उरत नाही. एक डॉलर घेण्याआधी किंवा खर्चण्याआधी फॉर्म ५०१, म्हणजे उभं राहायचा इरादा कळवणं. वर्षात २,००० डॉलर जमा झाले की दहा दिवसांत फॉर्म ४१०, म्हणजे कमिटीची नोंदणी. बँकेत वेगळं खातं. तुमचा स्वतःचा पैसाही आधी त्या खात्यात टाकायचा आणि मग खर्चायचा. अर्जाची फी आणि मतदार-पुस्तिकेतल्या निवेदनाचे पैसे तेवढे अपवाद. मग ठरलेल्या तारखांना फॉर्म ४६०, म्हणजे जमाखर्चाचं विवरण. निवडणुकीआधीच्या शेवटच्या ९० दिवसांत एकाच देणगीदाराकडून १,००० किंवा जास्त आले तर २४ तासांत फॉर्म ४९७.

आपल्या लोकांकडून पैसे घेताना खरी गंमत येते. १०० डॉलर किंवा जास्त रोख घ्यायचे नाहीत. तेवढी देणगी असेल तर नाव, पत्ता, व्यवसाय आणि मालक कंपनी लिहून घ्यायची. ६० दिवसांत माहिती मिळाली नाही तर पैसे परत. जोडप्याच्या खात्यावरचा चेक असेल तर ज्याची सही त्याची देणगी. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या मित्राकडून एक डॉलरही चालत नाही. ग्रीन कार्डवाल्याचा चालतो. "मग मी वहिनींना देतो, त्या देतील" हे तर अजिबात नाही, तो सरळ गुन्हा आहे. तोच मित्र बिनपगारी फोन करायला, पाकिटं चिकटवायला बसू शकतो, आणि चहाही तोच चांगला करतो. मंडळाच्या गणपतीत भेटा, आरतीला उभे राहा, पण स्टेजवरून प्रचार नको: करमुक्त संस्थेला उमेदवाराचा पुरस्कार करता येत नाही, आणि अडचणीत येईल ते मंडळ.

कंत्राटदारांचे पैसे घेऊ नका असं मी म्हणेन. कायदा एवढं सक्त म्हणत नाही. बोर्डापुढे ज्यांचा विषय आहे त्यांच्याकडून २०२५ पासून ५०० डॉलरपेक्षा जास्त घेता येत नाहीत, निर्णयाच्या आधीचे आणि नंतरचे बारा महिने धरून. पण तुमचा मुद्दाच हिशेब आहे.

मतपत्रिकेवर नावाखाली व्यवसायाचे जास्तीत जास्त तीन शब्द मिळतात. बहुतेक मतदार तुमच्याबद्दल एवढंच वाचतो, कारण बार्टची जागा पार खाली असते आणि कित्येक जण तिथवर पोचतच नाहीत. 'टॅक्सपेयर' किंवा 'अ‍ॅक्टिव्हिस्ट' चालत नाही, तो व्यवसाय धरत नाहीत. 'सर्टिफाइड पब्लिक अकाउंटंट' असाल तर तीन शब्द बरोबर बसतात. नसाल तर खरा व्यवसाय साधा लिहा, पुरावा तयार ठेवा, आक्षेप येतोच.

मतपत्रिका ऑक्टोबरच्या सुरुवातीला प्रत्येकाच्या घरी टपालानं जाते. म्हणजे तुमचं पत्रक सप्टेंबरअखेर छापून तयार हवं, खर्च कुणी केला हे सांगणारी 'पेड फॉर बाय' ही ओळ न विसरता. स्टेशनवर फाटकाच्या आत वाटायचं नाही. बाहेरच्या जागेसाठीचे नियम आधी विचारून घ्या. सकाळी साडेसहा ते आठ उभं राहा, लोक थांबत नाहीत, पण गाडीत बसल्यावर वाचतात.

फॉर्म ७००, म्हणजे तुमच्या शेअर्ससकट आर्थिक हितसंबंधांची यादी, उमेदवारी अर्जाच्या वेळीच द्यायची असते; निकालानंतर जिंकलात तर ती पुन्हा भरायचीय. हरलात तरी खात्यातला शेवटचा डॉलर मार्गी लावून, ४१० वर 'बंद' अशी नोंद करून शेवटचा ४६० देईपर्यंत फॉर्म भरणं सुटत नाही, आणि खजिनदारही.