अमेरिकेच्या यादवी युद्धाचा इतिहास नकाशा समोर ठेवून कसा अभ्यासावा

संघराज्यातून फुटून निघालेली दक्षिणेकडील राज्ये आणि उरलेले संघराज्य यांच्यात झालेल्या अमेरिकेच्या यादवी युद्धाचा अभ्यास पुष्कळ वाचक एप्रिल १८६१ मध्ये सम्टर किल्ल्यावर झालेल्या तोफमाऱ्यापासून सुरू करतात आणि मग लढायांच्या यादीत अडकून पडतात. त्याऐवजी अमेरिकेचा एक मोठा कोरा नकाशा घ्यावा, देशाच्या ताब्यात नवी जमीन ज्या क्रमाने आली त्या क्रमाने तो रंगवत जावे आणि प्रत्येक तुकड्यापाशी एकच प्रश्न लिहावा: येथे माणसाला गुलाम म्हणून बाळगण्याची मुभा असणार की नाही? युद्धाचे मूळ याच प्रश्नात आहे.

पहिली रेघ ओहायो नदीची आहे. तिच्या वायव्येकडील प्रदेशात १७८७ च्या कायद्याने गुलामगिरीला बंदी घातली. त्यानंतर १८०३ मध्ये फ्रान्सकडून दीड कोटी डॉलरना घेतलेला, मिसिसिपी नदीपलीकडचा विस्तीर्ण लुइझियाना प्रदेश रंगवावा. प्रत्येक राज्याला सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, दोन जागा असल्याने कोणत्या बाजूची राज्ये वाढतात याला फार महत्त्व होते. म्हणून १८२० च्या तडजोडीत मिसुरीला गुलामगिरीसह आणि मेनला गुलामगिरीविना प्रवेश मिळाला, आणि मिसुरी वगळता या प्रदेशात ३६ अंश ३० मिनिटे अक्षवृत्ताच्या उत्तरेस गुलामगिरी निषिद्ध ठरली. ही रेघ लाल शाईने ओढावी.

रंगवलेली जमीन रिकामी नव्हती, हे विसरू नये. १८३० च्या कायद्यानंतर आग्नेयेकडील मूळनिवासी राष्ट्रांना मिसिसिपीपलीकडे हाकलण्यात आले. १८३८-३९ मध्ये चेरोकी लोकांपैकी हजारो जण त्या हालांत दगावले आणि त्यांच्या जमिनींवर गोरे वसाहतकरी आले.

आता बाण काढावेत, आणि येथे घाई करू नये. पश्चिमेकडचा विस्तार म्हटला की कापडी छताच्या गाड्या डोळ्यांसमोर येतात, पण त्याच काळातले दुसरे प्रचंड स्थलांतर सक्तीचे होते. १७९३ मध्ये सरकी काढण्याचे यंत्र निघाल्यावर कापसाचे पीक फायद्याचे झाले, १८०८ पासून परदेशातून गुलाम आणण्यास कायद्याने बंदी आली, आणि व्हर्जिनिया-मेरीलँडसारख्या जुन्या राज्यांतून सुमारे दहा लाख माणसे अलाबामा, मिसिसिपी व लुइझियानाकडे विकली किंवा नेली गेली. कित्येकांना साखळीने जखडून पायी चालवले गेले. गुलामांची संख्या १७९० मध्ये सुमारे सात लाख होती, ती १८६० मध्ये साडेएकोणचाळीस लाख झाली. हे बाण गाड्यांच्या वाटांइतकेच ठळक काढावेत.

मेक्सिकोकडून १८४८ मध्ये मिळालेला भाग रंगवल्यावर लाल रेघेकडे परत यावे. १८५४ च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने ती पुसली आणि निर्णय वसाहतकऱ्यांच्या मतांवर सोपवला. मिसुरीतून सशस्त्र टोळ्या आल्या आणि कॅन्ससमध्ये रक्तपात सुरू झाला. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट या गुलामाने स्वातंत्र्यासाठी लढवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की नव्या प्रदेशांत गुलामगिरी रोखण्याचा काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, अधिकारच नाही. १८६० मध्ये अब्राहम लिंकन राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले ते गुलामगिरीची ही वाढ थांबवण्याच्या भूमिकेवर, असलेल्या राज्यांतील गुलामगिरी मोडण्याच्या नव्हे.

यानंतर मूळ कागद वाचावेत. दक्षिणेचा लढा केवळ ‘राज्यांच्या हक्कां’साठी होता असे सांगितले जाते, पण लिंकन यांच्या निवडीनंतर संघराज्यातून फुटून निघताना दक्षिणेकडील काही राज्यांनी काढलेली निवेदने वेगळे सांगतात. मिसिसिपीचे निवेदन आरंभीच आपली भूमिका गुलामगिरीशी एकरूप असल्याचे मांडते. दक्षिण कॅरोलिनाची तर तक्रारच अशी आहे की उत्तरेकडील राज्ये आपापले कायदे करून पळालेले गुलाम परत देण्यात अडथळा आणतात. म्हणजे इतर राज्यांचा हक्क तिला मान्य नव्हता. सोबत १८६० च्या जनगणनेतील गुलामांचे तक्ते पाहावेत: मालकाचे नाव आहे, गुलामांची मात्र जवळजवळ सर्वत्र केवळ वय, लिंग आणि वर्ण एवढीच नोंद आहे. मला युद्धाचे कारण कोणत्याही भाषणापेक्षा या तक्त्यांनी अधिक स्पष्ट समजले.

शेवटी मुक्तीच्या तारखा लिहाव्यात. १ जानेवारी १८६३ ची लिंकन यांची गुलाममुक्तीची घोषणा बंडखोर भागांपुरती होती. टेक्ससमध्ये गॅल्व्हेस्टनला तिचा अंमल १९ जून १८६५ ला जाहीर झाला. केंटकी आणि डेलावेअर संघराज्यातच राहिली होती, म्हणून तेथे उरलेल्या गुलामांची सुटका डिसेंबर १८६५ मध्ये गुलामगिरी संपवणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीनेच झाली. ती दोन राज्ये सर्वांत शेवटी रंगवावीत.