सर्पदंश झाल्यास सकाळची वाट पाहू नये : नागपूर जिल्ह्यासाठी खरीप सल्ला

सध्याची कामे : कपाशी व सोयाबीनमध्ये डवरणी, निंदण, कपाशीला नत्राचा हप्ता, मौदा-रामटेक भागात धानाची रोवणी, संत्राबागेतील साचलेले पाणी काढणे.

या कामांत होणाऱ्या सर्पदंशांत आमच्या पाहण्यात दगावलेले बहुतेक जण दंशानंतरचे पहिले तास घरी किंवा मांत्रिकाकडे होते. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते. दंश फारसा दुखत नाही, सूज येत नाही, खूणही दिसेलच असे नाही. पहाटे पोट दुखू लागले की घरचे पित्त समजून गोळी देतात आणि तेवढ्यात पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही, श्वास बंद पडतो. जमिनीवर झोपलेला माणूस रात्री अशी तक्रार करत असेल, तर खूण न शोधता दवाखाना गाठावा. घोणशीच्या दंशाने मोठी सूज येते, रक्त गोठत नाही, लघवीतून रक्त जाते व मूत्रपिंडे निकामी होतात. नागाच्या विषाने दंशाची जागा सडते आणि श्वासही थांबू शकतो.

दंश झालेला अवयव कामटी बांधून स्थिर ठेवावा, अंगठी व जोडवी काढावीत, १०८ ला फोन करावा. चिरा देऊ नये, घट्ट दोरी आवळू नये. साप मारून आणण्यात वेळ घालवू नये, कारण नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांच्या विषावर उतारा म्हणून दिली जाणारी लस (प्रतिविष) एकच आहे. विषबाधेची लक्षणे दिसल्यास सुरुवातीला साधारण १० कुप्या शिरेतून देतात. लहान मुलालाही तेवढ्याच लागतात. सरकारी रुग्णालयात ही लस मोफत मिळते.

दुकानदार साप पळवणारी महागडी पावडर देतात; ती घेऊ नये. घराभोवती फोरेट हे विषारी कीटकनाशक टाकण्याची सवय तर घातकच, त्यावर २०२० अखेरपासून बंदी आहे. तेवढ्या पैशांत गमबूट व बॅटरी येते. पाऊस उघडून उकाडा वाढला की पऱ्हाटीच्या ढिगाजवळ साप अधिक दिसतात, असा आमचा अंदाज आहे. ढीग काठीने हलवूनच हात घालावा.

लक्षणे नसली तरी २४ तास रुग्णालयातच राहावे. मण्यारीच्या दंशात, बरे वाटते म्हणून रात्री घरी आणलेला रुग्ण पहाटे श्वास थांबून दगावू शकतो.