नवीन पीसी जोडला, लिनक्स टाकलं, पण स्क्रीन काळीच? आधी बघा चित्र नक्की कुठे अडतंय

नवीन पीसी जोडून त्यावर लिनक्स टाकलं आणि स्क्रीन काळी राहिली की बरेच जण लगेच दुसरा डिस्ट्रो (लिनक्सचा दुसरा प्रकार) डाउनलोड करायला घेतात. प्लीज तसं करू नका, कारण पुष्कळदा गोष्ट लिनक्सपर्यंत पोचलेलीच नसते आणि पोचली असली तरी सगळं पुसून परत टाकल्याने तोच प्रॉब्लेम परत येतो. आधी एवढंच बघा की चित्र शेवटचं कुठे दिसलं: मदरबोर्डचा लोगो आला का, ग्रबचा (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा) मेनू आला का, लॉगिनची स्क्रीन आली का. जिथे अडलं त्यावरून दोष कुठे शोधायचा ते कळतं.

लोगोच येत नाही

म्हणजे लिनक्सचा संबंध नाही, हार्डवेअर बघा. सगळ्यात कॉमन म्हणजे वेगळं ग्राफिक्स कार्ड लावलंय पण केबल मदरबोर्डच्या पोर्टला. केबल कार्डच्या पोर्टलाच लावायची. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावात शेवटी एफ असतो त्यात ग्राफिक्स नसतंच, एएमडीच्या रायझन ५००० मध्ये नावात जी असलेले सोडले तर डेस्कटॉपच्या बाकीच्यांतही नाही, त्यामुळे मदरबोर्डच्या एचडीएमआयमधून काहीच येणार नाही. रायझन ७००० पासून बहुतेकांत छोटं ग्राफिक्स दिलंय, पण तिथेही एफवाल्यांत नाही. मॉनिटरचा इनपुट बरोबर निवडलाय का तेही बघून घ्या, आपोआप ओळखण्यावर अवलंबून राहू नका.

डीडीआर५ रॅम असेल, खास करून एएम५ बोर्डावर (रायझन ७००० पासूनचे प्रोसेसर बसतात तो), तर पहिल्यांदा चालू करताना बोर्ड मेमरी ट्रेनिंग करतो, म्हणजे रॅमशी जुळवून घेतो, आणि तेव्हा स्क्रीन काही मिनिटं काळीच राहते. घाबरून पॉवर बटण दाबलं की ते सगळं परत पहिल्यापासून सुरू होतं, म्हणून शांतपणे थांबा. तरी काही नाही आलं तर बोर्डावरचे छोटे दिवे बघा, बऱ्याच बोर्डांवर सीपीयू, डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट असे चार असतात, जो पेटून राहिलाय तिथे अडलंय. डीरॅमवर अडलं तर एकच रॅम ठेवून बघा, चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये. व्हीजीएवर अडलं तर कार्ड काढून टक असा आवाज येईपर्यंत परत बसवा आणि त्याची पॉवरची वायर तपासा. सीपीयूची ८ पिनची आणि कार्डची ८ पिनची वायर दिसायला सारखी वाटते पण वेगळी असते, जोर लावून बसवायची नाही.

ग्रब दिसतो, मग काळं

हा खरा लिनक्सचा प्रॉब्लेम. कर्नल (लिनक्सचा गाभा) सुरू झाल्यावर ग्राफिक्स ड्रायव्हर स्क्रीनचा ताबा घेतो आणि तिथेच गडबड होते. रीस्टार्ट करा, ग्रब मेनूत ई दाबा (मेनू येतच नसेल तर लोगो गेल्या गेल्या एस्केप दाबून बघा), लिनक्स (linux) या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा, तिच्या शेवटी एक स्पेस देऊन नोमोडसेट (nomodeset) हा शब्द सलग आणि स्मॉल अक्षरांत टाका आणि एफ१० दाबा. यामुळे कर्नल त्या बूटपुरता खरा ग्राफिक्स ड्रायव्हर बाजूला ठेवतो आणि साध्या मोडमध्ये चालू होतो. रिझोल्यूशन कमी असेल, सगळं हळू चालेल, पण दिसेल. माझी कळकळीची विनंती आहे की हे कायमचं टाकून ठेवू नका, त्याने महागडं कार्ड नुसतं बसून राहतं आणि सगळा भार प्रोसेसरवर पडतो. हे फक्त आत शिरून दुरुस्ती करण्यापुरतं आहे.

आत गेल्यावर टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय -के' (lspci -k) चालवा, त्यात तुमचं कार्ड दिसेल. 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ नोमोडसेट असताना नसली तरी चालेल, नॉर्मल बूट झाल्यावर ती असलीच पाहिजे. अडलेल्या बूटचा लॉग बघायला 'जर्नलसीटीएल -के -बी -१' (journalctl -k -b -1), त्यात फर्मवेअर (कार्ड चालू व्हायला लागणारी फाइल) लोड झालं नाही अशा अर्थाची ओळ शोधा.

एएमडीचं कार्ड असेल तर वेगळा ड्रायव्हर शोधत बसू नका, एएमडीजीपीयू कर्नलमध्येच असतो आणि त्याच्या जोडीला मेसा (ग्राफिक्सची लायब्ररी) आणि फर्मवेअर लागतं. अडचण येते ती कार्ड नवं आणि कर्नल जुना असला की. डेबियन १२ चा कर्नल ६.१ हा २०२२ च्या डिसेंबरचा आहे, आरएक्स ९०७० आलं २०२५ च्या मार्चमध्ये, मग तो कर्नल ते कार्ड ओळखणार कसा? अशा वेळी बॅकपोर्ट्समधून (जुन्या डेबियनसाठी दिलेल्या नव्या पॅकेजांमधून) नवा कर्नल आणि फर्मवेअर घ्या, नाहीतर सरळ नवा डिस्ट्रो निवडा. हीच एक जागा आहे जिथे डिस्ट्रो बदलणं मला पटतं.

एनव्हिडियाचा ड्रायव्हर वेबसाइटवरून उतरवण्यापेक्षा डिस्ट्रोच्या पॅकेजमधून घ्या, म्हणजे कर्नल अपडेट झाला तरी तो सोबत बांधला जातो. उबुंटूवर 'सुडो उबुंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल' (sudo ubuntu-drivers install), फेडोरावर आरपीएम फ्यूजन या बाहेरच्या पॅकेज-साठ्यातून, आणि फेडोरावर इन्स्टॉल झाल्या झाल्या रीस्टार्ट करू नका, ड्रायव्हरचं मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा भाग) मागे तयार होत असतं, पाचेक मिनिटं द्या. आरटीएक्स ५० सिरीजला ओपन कर्नल मॉड्यूलवालाच ड्रायव्हर लागतो, जुना प्रोप्रायटरी प्रकार त्यावर चालत नाही.

आणि सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीची सही नसलेलं काही बूटला लोड होऊ न देणारी बोर्डाची सेटिंग! ते चालू असेल तर उबुंटू ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगतो आणि पुढच्या रीस्टार्टला एक निळी स्क्रीन येते, तिथे एनरोल एमओके निवडून तोच पासवर्ड द्यायचा. ती स्क्रीन थोडा वेळच थांबते, निसटली की ड्रायव्हर इन्स्टॉल असूनही लोड होत नाही आणि माणूस दिवसभर भलतीकडे शोधत बसतो. लॉगमध्ये 'की रिजेक्टेड' (key rejected) असं दिसलं तर हेच कारण.

लॉगिन होतं, पुढे गडबड

कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकदम दाबा. काळ्या पडद्यावर अक्षरं आली तर मशीन जिवंत आहे, फक्त डेस्कटॉप अडलाय, आणि तिथूनच लॉगिन करून लॉग बघता येतो किंवा ड्रायव्हर टाकता येतो. लॉगिन स्क्रीनवरच्या गिअरच्या चिन्हात वेलँड आणि एक्सऑर्ग (स्क्रीनवर चित्र दाखवायच्या दोन पद्धती) असे दोन्ही पर्याय असतील तर बदलून बघा, हल्लीच्या नोम डेस्कटॉपमध्ये एक्सऑर्ग मिळेलच असं नाही. नवीन यूजर बनवून त्यात सगळं नीट चालत असेल तर दोष तुमच्या सेटिंगमध्ये आहे, ड्रायव्हरमध्ये नाही.

चित्र येतं पण खिडक्या अडकत सरकतात, तर सेटिंग्जच्या अबाउट पानावर ग्राफिक्सपुढे काय लिहिलंय ते वाचा. एलएलव्हीएमपाइप असेल तर सगळं चित्र प्रोसेसर काढतोय, म्हणजे परत ड्रायव्हरकडे, आणि नोमोडसेट काढायचं राहिलंय का तेही बघा.

फोरके मॉनिटरवर १२० हर्ट्झ दिसतच नसेल आणि कार्ड एएमडीचं असेल तर डिस्प्लेपोर्ट वापरा. एचडीएमआय २.१ चा ओपन सोर्स सपोर्ट एएमडीने तयार केला होता पण २०२४ मध्ये एचडीएमआय फोरमने त्याला परवानगी नाकारली. त्यामुळे तिथे एचडीएमआय २.० वरच भागवावं लागतं, आणि त्याची मर्यादा सेकंदाला १८ गिगाबिटची, डिस्प्लेपोर्ट १.४ ची ३२.४. स्क्रीन मध्येच काळी होऊन परत येत असेल तर रिफ्रेश रेट ६० वर आणा, त्याने थांबलं तर पहिला संशय केबलवर, ती बदलून परत वर न्या, आणि तरीही थांबलं नाही तर व्हेरिएबल रिफ्रेश रेट बंद करून बघा.