अखेरच्या काळाची तयारी करताना या चुका टाळा

गंभीर आजारात सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे बोलणे पुढे ढकलणे. ‘आताच कशाला तो विषय?’ असे म्हणता म्हणता कुटुंब अतिदक्षता विभागाच्या दारापर्यंत पोहोचते आणि व्हेंटिलेटर लावायचा की नाही, हे ज्याला विचारायला हवे तोच तोवर शुद्धीवर नसतो. रुग्णाची वाचा व विचारशक्ती शाबूत आहे तोवर त्याला विचारावे, की कशासाठी त्रास सोसण्याची तुमची तयारी आहे आणि कोणत्या अवस्थेत उपचार थांबवलेले बरे वाटतील? उपचारांच्या लांबलचक यादीपुढे होय-नाही लिहून घेण्यापेक्षा हे उत्तर डॉक्टरांना अधिक उपयोगी पडते.

इच्छापत्रक (पुढे कोणते उपचार हवेत, कोणते नकोत हे आधीच लिहिलेला कागद; मालमत्तेचे मृत्युपत्र नव्हे) लिहून कपाटात बंद ठेवणे ही त्याच जातीची चूक. आपल्या वतीने निर्णय घेणारी व्यक्ती नेमताना नात्याची जवळीक पाहण्यापेक्षा ती स्वतःचे मत बाजूला ठेवू शकेल का, हे पाहावे. तिला तसे आधी विचारावे (हे अनेकदा राहूनच जाते), आणि आजाराने वळण घेतले की पत्रक पुन्हा वाचावे.

पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे गंभीर आजारातल्या वेदना व त्रास कमी करणारी सेवा, घेणे म्हणजे हात टेकणे, हा समज मला सर्वाधिक घातक वाटतो. फुफ्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या 151 रुग्णांवरील, 2010 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात, ज्यांना नेहमीच्या उपचारांसोबत सुरुवातीपासूनच ही सेवा मिळाली त्यांचे जीवनमान चांगले राहिले आणि मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ) 8.9 ऐवजी 11.6 महिने भरले. मॉर्फीन या तीव्र वेदनाशामकाच्या सवयीची धास्तीही अशीच अनाठायी असते. त्याने होणाऱ्या बद्धकोष्ठतेवर मात्र पहिल्या दिवसापासून औषध हवे.

शेवटच्या दिवसांत भूक मंदावते, कारण शरीराचीच अन्नाची गरज ओसरत असते. अशा वेळी आग्रहाने भरवल्यास घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. त्याऐवजी ओल्या बोळ्याने तोंड व ओठ ओलसर ठेवावेत.

सोबत करणाऱ्यांनी ‘तुम्ही ठणठणीत व्हाल’ असे म्हणू नये, कारण त्या वाक्यानंतर रुग्णाला आपली भीती बोलून दाखवता येत नाही. सेवा करणाऱ्यालाही ‘काही लागले तर सांगा’ असे मोघम सांगण्याऐवजी ‘मंगळवारी रात्री मी थांबतो, तुम्ही झोपा’ असे सांगावे. प्रतिसाद थांबला तरी ऐकू येत असण्याची शक्यता असते, म्हणून उशाशी खर्चाची वा वाटणीची चर्चा नको. आणि दिवसरात्र बसलेला माणूस चहापुरता उठला असतानाच श्वास थांबला, तर ‘तू कुठे होतास?’ असे त्याला कोणी विचारू नये.