मोठ्या मैदानावर पहिलं पाऊल: या चुका टाळा

नऊ-नऊ खेळाडूंच्या फुटबॉलमधून अकरा-अकराच्या सामन्यात आलेला मुलांचा संघ सुरुवातीला विस्कटतो. पास पोहोचत नाहीत, मुलं धापा टाकतात आणि प्रशिक्षक त्यांना मैदानाला फेऱ्या मारायला लावतात. पहिली चूक हीच. ७३ बाय ४६ मीटरच्या मैदानावर १८ खेळाडू असले, तर प्रत्येकाच्या वाट्याला साधारण १८७ चौरस मीटर जागा येते. १०५ बाय ६८ मीटरवर २२ खेळाडूंना प्रत्येकी जवळपास ३२५. एवढी जागा नुसत्या दमसासाने भरून निघत नाही. कुठे उभं राहायचं, हे शिकवावं लागतं.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते फळ्यांमधल्या, म्हणजे बचाव, मधली आणि आक्रमण या ओळींमधल्या अंतरामुळे. फॉरवर्ड पुढे पळतात, डिफेंडर आपल्याच पेनल्टी एरियाजवळ (गोलसमोरच्या आखलेल्या मोठ्या आयताजवळ) थांबतात आणि मधल्या पोकळीत दोन मिडफिल्डर एकटे धावत राहतात. शेवटचा डिफेंडर आणि सर्वांत पुढचा फॉरवर्ड यांच्यात ३० ते ३५ मीटरपेक्षा जास्त अंतर नको. सरावात मध्येच शिट्टी वाजवा, सगळ्यांना जागच्या जागी थांबवा आणि हे अंतर पावलांनी मोजून दाखवा. दुसरा उपाय: गोलकीपर सोडून सगळे मध्यरेषेच्या पुढे आले असतील तरच गोल धरायचा. चार-पाच वेळा गोल बाद झाला की डिफेंडर आपणहून पुढे सरकतात. चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे उजव्या बाजूला असेल, तर डावा विंगर (कडेने खेळणारा खेळाडू) मैदानाच्या मध्याकडे यायला हवा. मुलं हे हमखास विसरतात.

डिफेंडरांची फळी पुढे गेली की तिच्यामागची जागा गोलकीपरची. चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या अर्ध्यात असताना त्याने पेनल्टी एरियाच्या कडेजवळ उभं राहावं आणि चेंडू जवळ येऊ लागला की मागे सरकावं. डोक्यावरून गोल झाला म्हणून त्याला रागावू नका. गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच आहे. दीड मीटर उंचीच्या मुलाच्या हाताला आडवी दांडी लागतच नाही. रागावलात तर तो गोलरेषेलाच चिकटून बसेल.

गोल किक (चेंडू गोलरेषेबाहेर गेल्यावर गोलजवळून मारलेली किक) लांब मारायला लावणं ही आणखी एक चूक. चेंडू २५-३० मीटरवर, नेमका समोरच्यांच्या पायात पडतो. २०१९ पासून लाथ बसून चेंडू हलला की खेळ सुरू होतो, त्यामुळे सहकारी पेनल्टी एरियाच्या आतच पास घेऊ शकतो. दोन डिफेंडर एरियाच्या दोन्ही बाजूंना उभे करा. दबाव आला तर चेंडू कडेला जाऊ द्या, गोलसमोर आडवा नको.

मैदान आणि चेंडू एकाच दिवशी बदलू नका. आतापर्यंतचा लहान, चार नंबरचा चेंडू ३५० ते ३९० ग्रॅमचा, मोठा पाच नंबरचा ४१० ते ४५०. महिनाभर आधीपासून सरावात पाच नंबर वापरा.

किशोरवयात उंची झपाट्याने वाढते आणि टाच किंवा गुडघ्याखालचं हाड दुखू लागतं. मूल लंगडत असेल तर खेळ थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. सरावाचा वेळही हळूहळूच वाढवा.

शक्य असेल तर पहिले दोन महिने लहान आखणी करा. नियमांत किमान लांबी ९० आणि रुंदी ४५ मीटर आहे, आणि लहान वयोगटांसाठी त्यातही बदल करता येतो. समोरच्या प्रशिक्षकाशी आधी बोलून ९० बाय ५५ मीटरवर शंकू मांडले, तरी मुलांना सवय व्हायला पुरेसा अवधी मिळतो.